रुमालाखालचा हात

फार पूर्वी हळदीच्या एका पेठेत एक तरुण राहत होता. व्यापाराच्या मोठ्या पाठशाळेतून पहिला येऊन तो एका शेठाणीच्या पेढीवर लागला. पेढीचे थोरले कारभारी आता थकले होते. त्यांच्या गादीवर आपणच बसायचं, हा एकच ध्यास त्याने घेतला होता.

त्या पेठेत भाव तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून सौदा ठरवत. या कामात तरुणाचा हात धरणारा कुणी नव्हता. तरी त्याचा जीव थाऱ्यावर नसे. दुसरा कुणी हे शिकला तर? मग आपल्याला कोण विचारणार? मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते खोटं नाही.

त्याच्याच पाठशाळेतला एक सोबती पेढीची वखार सांभाळायचा. तो एकदा म्हणाला, "मला शिकव ना रे बोटांची भाषा. तू आजारी पडलास तर सौदा कोण करणार?"

"छे! ते शिकवून येत नाही, अंगातच असावं लागतं," असं म्हणून तरुणाने विषय मिटवला.

सोबती मात्र हळद पारखायची कशी, हे वखारीतल्या सगळ्यांना शिकवत बसे. 'वेडा आहे. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय,' असं तरुणाला वाटे.

पाडव्याला शेठाणीने दोघांना बोलावलं.

"तुला गादीवर बसवावं म्हणते," शेठाणी तरुणाला म्हणाली. "पण मग बाजारात तुझ्या जागी कोण बसेल?"

हीच संधी, असं वाटून तो घाईघाईने म्हणाला, "कुणीच नाही, बाईसाहेब! माझ्यासारखा दुसरा माणूस पेढीत नाही."

शेठाणीने सुस्कारा सोडला आणि ती सोबत्याकडे वळली. "आणि वखारीत तुझ्या जागी?"

"कुणालाही बसवा, बाईसाहेब. आत्ता मी इथे आहे, तरी तिकडे माल गाड्यांवर चढतोच आहे."

गादी सोबत्याला मिळाली.

"माझं काय चुकलं, बाईसाहेब?" तरुणाने विचारलं.

"तुझ्या कामात खोट नाही, बाळा. पण तुला तिथून उठवलं तर माझा बाजारच बंद पडेल. तू आपला तिथेच बस."

आपली जागा कुणीतरी घेईल, या भीतीने त्याने इतकी वर्षं झोप घालवली होती. आता ती जागा कुणीच घेणार नव्हतं.

तात्पर्य: आपल्या जागी बसणारा माणूस जो तयार करतो, त्यालाच वरच्या जागेवर जाता येतं.