भांगेचा उपवास

"गोंदाजी, माझ्या भांगेच्या मुळाशी बसलेले चोर आठ दिवसांत माझ्यासमोर हजर कर! नाहीतर बाग सोड आणि चालू लाग!"

डोंगरपेठच्या राजेसाहेबांचा आवाज गच्चीवर घुमला आणि म्हातारा गोंदाजी माळी हात जोडून पुढे आला. चाळीस वर्षं त्यानं ती बाग राखली होती. बागेतल्या खोपटाशिवाय त्याला दुसरं घर नव्हतं.

गच्चीवर भांगेच्या अकरा कुंड्या होत्या. महाशिवरात्रीला महादेवाच्या थंडाईत याच भांगेची पानं पडायची. म्हणून राजेसाहेब रोज सकाळी चांदीच्या लोट्यानं तिला दूध-गुळाचं पाणी घालत. राजानं घातलं म्हणून दिवाण घाली, दिवाणानं घातलं म्हणून सेनापती, आणि मग मुजऱ्याला येईल तो तोच लोटा उचलून पुण्य पदरात पाडून घेई! आता पानं पिवळी पडली होती, मातीवर चिलटं उठत होती आणि मुळांशी पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"आणि ऐक!" राजेसाहेब गरजले. "झाड उपटायचं नाही, माती उकरायची नाही. औषध नाही, धूर नाही, देवाचा प्रसाद आहे तो! चोर मारायचे नाहीत, आपल्या पायांनी बाहेर आले पाहिजेत. आणि माझ्या लोट्याबद्दल अवाक्षर काढलंस तर याद राख!"

गोंदाजीनं कपाळाला हात लावला. रोगाचं मूळ त्या लोट्यातच होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

त्याची मुलगी येसू मागे पाटी घेऊन उभी होती. ती पुढे झाली.

"म्हाराज, चोरास्नी पाय न्हाईत, पन पोट हाय. आनते म्या बाहेर!"

दिवाण फिस्सकन हसले. येसूनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"येक इचारू का? शिवरातीला आपुन उपास करता न्हवं?"

"करतो म्हणजे? निर्जळी करतो!"

"समदा गाव करतो. आन् ज्या भांगंचा निवद देवाला दावायचा, ती मातुर दूध-गूळ वरपत बसलीया! देवाला चालंल ह्ये?"

राजेसाहेब चपापले. देवाचं नाव निघालं की त्यांचा सगळा ताठा उतरे.

"नाही चालणार. तिनंही एक दिवस..."

"येक दिस आपल्या मानसांचा. ती देवाची, तिचे आठ दिस!"

"ठरलं! शिवरात्र आठ दिवसांवर आलीय, आजपासूनच भांगेला निर्जळी उपवास. लोट्याला हात लावील त्याला दिवसभर उन्हात उभा करीन!"

दिवाणांच्या हातातला भरलेला लोटा गुपचूप खाली आला.

येसूनं घरून रताळी आणली, जाड काप केले आणि प्रत्येक कुंडीत मातीवर ठेवले.

"हे कशाला?" राजेसाहेबांनी विचारलं.

"ज्येला उपास झेपत न्हाई, त्येला फराळ नगं?"

दोन दिवसांत माती वरून सुकली. ओल उरली ती फक्त रताळ्याखाली, मग अळ्या तिथेच गोळा होऊ लागल्या. येसू रोज सकाळी काप अळ्यांसकट उचलून मडक्यात ठेवी आणि नवे मांडी. कोरड्या मातीवर चिलटं फिरकेनाशी झाली.

चौथ्या दिवशी राजेसाहेबांना राहवेना. "वाळेल गं बिचारी!" म्हणत त्यांनी लोट्याकडे हात नेला.

"व्रत मोडायचं का, म्हाराज?"

हात झटकन मागे गेला!

आठव्या दिवशी येसूनं भर दरबारात मडकं पालथं केलं. "ह्ये घ्या चोर! समदे जित्ते. भुकंनं आपसूक आले."

गच्चीवर भांगेला हिरवे कोंब फुटले होते. राजेसाहेब खूश झाले. "शाब्बास, पोरी! पण या चोरांना माझ्या घरात पोसलं कोणी? कोणीही असो, नाव सांग!"

गोंदाजीनं घाबरून डोळेच मिटले.

"आदी बक्षीस द्या, म्हाराज."

"माग!"

"त्यो चांदीचा लोटा."

"लोटा? अगं, जमीन माग, सोनं माग!"

"नगं. त्यो लोटा माज्या घरी आला, की चोर पुन्यांदा हितं येत न्हाईत!"

राजेसाहेबांनी लोट्याकडे बघितलं, अळ्यांकडे बघितलं, मग दिवाणांकडे. दिवाण आपल्या जोड्यांकडे बघत होते. आणि राजेसाहेब असे हसत सुटले, की काही विचारू नका!

"म्हणजे चोरांना दूध पाजणारा मीच की! आणि लोट्याचं नाव काढू नको म्हटलं होतं ना गं?"

"म्या त्येच्याबद्दल वाईट कुटं बोलले, म्हाराज? नुसता मागितला!"

राजेसाहेबांनी लोटा तिच्या हातात दिला आणि बाग खोपटासकट गोंदाजीच्या नावे करून टाकली. दिवाणांना मात्र हुकूम झाला, की रोज सकाळी भांगेला मुजरा करायचा, पण रिकाम्या हातानं!