माळावरचे सर्वांत हिरवे गवत

मुलांनो, जंगल संपून गावाचे गायरान जिथे सुरू होते, तिथल्या माळावर चितळांचा एक कळप चरत असे. कळपाची म्होरकी एक हरिणी होती. तिला एक पाडस होते आणि त्याच्यापुढे तिला सारे जग फिके वाटे. माळाच्या मधोमध अंगणाएवढा गवताचा एक तुकडा भर उन्हाळ्यातही हिरवागार असे; पण चितळे त्याला तोंड लावत नसत. मागच्या वर्षी तिथे एक धिप्पाड गवा चालता चालता कोसळला होता. त्याच्या नाकातोंडातून काळे रक्त आले आणि ते गोठलेच नाही. नंतर त्या जागी चरलेली चितळेही तशीच मेली. या रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. मेलेल्या जनावराच्या रक्तातून ते मातीत उतरतात आणि वर्षानुवर्षे तिथे दबा धरून बसतात. हरिणीला जंतू ठाऊक नव्हते, पण जागा ठाऊक होती.

वैशाखात गावातली एक हडकुळी गाय चरत चरत तिथवर आली. "काय गं ताई," ती हरिणीला म्हणाली, "एवढं हिरवं टाकून तुम्ही काटक्या का चघळताय?"

तेवढ्यात एक टिटवी घिरट्या घालत किंचाळू लागली, "नको खाऊस! नको खाऊस! तिथं गवा मेलाय!"

हरिणीच्या मनात आले, हिला खरे कळले तर ही आमच्या ओढ्याकाठच्या कुरणात घुसेल. उद्या सगळा गोठा घेऊन येईल. मग माझ्या पाडसाने काय खायचे? ती हसून म्हणाली, "त्या टिटवीकडे काय लक्ष देतेस! खुळी आहे ती. पान हललं तरी बोंबलते. आम्हाला आपलं कडू-तुरटच आवडतं. तू खा पोटभर."

"तुझं भलं होवो, ताई. घरी वासरू भुकेनं हंबरतंय. आता दूध उतरेल," असे म्हणून गायीने मान खाली घातली. हरिणीला बिलगून उभे असलेले पाडस सारे ऐकत होते.

काही दिवसांतच गाय मेली. नाकातून तेच काळे रक्त. गावकऱ्यांनी तिला खोल पुरायला हवे होते. पण ऊन कडक, जमीन टणक आणि माणसे आळशी. त्यांनी तिच्या पायांना दोर बांधला, ओढत नेली आणि नेमकी ओढ्याकाठच्या कुरणात टाकून दिली. कुत्र्याकोल्ह्यांनी तिला फाडले. गोठ्यातले वासरू हंबरत राहिले, मग तेही थांबले.

पावसाळा सरला. गाय टाकली होती तिथे कुरणातले सर्वांत हिरवे गवत उगवले. हरिणी ओढ्यावर पाणी पीत असताना पाडस उड्या मारत तिकडे गेले. टिटवी त्याच्या डोक्यावर जिवाच्या आकांताने ओरडू लागली, "नको खाऊस, पोरा! तिथं गाय मेलीय!"

पाडसाने नुसते कान हलवले. "खुळी टिटवी! आईच म्हणते, हिच्याकडे लक्ष द्यायचं नाही."

हरिणी धावत आली तेव्हा त्याच्या ओठांत हिरवी पाती लोंबत होती.

"थुंक! थुंक ते आधी!"

"का गं आई?" पाडसाने विचारले. "तूच तर त्या गायीला म्हणालीस, पोटभर खा."

पुढचे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पाडस मेले. हरिणी त्याला चाटायला वाकली, तशी वरून टिटवी ओरडली, "चाटू नकोस! त्याच्या रक्तातही तेच आहे!" या वेळी मात्र हरिणीने तिचे ऐकले. ती मागे सरली आणि आपल्या लेकराकडे लांबूनच बघत उभी राहिली.

तात्पर्य : रोगाला गोठा आणि जंगल यांच्यातली हद्द कळत नाही. धोका माहीत असूनही जो शेजाऱ्याला मरू देतो आणि सावध करणाऱ्याला खुळा ठरवतो, त्याच्या लेकराला सावध करायला मग कोणाचाच आवाज पुरत नाही.