कुंपण नसलेली बाग

"बुवा, तुम्ही त्याला फोनवर नक्की काय सांगितलंत?"

"ये म्हटलं."

"आणखी?"

"आणखी काय सांगायचं असतं?"

डॉक्टर श्रीनिवास रेगे यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं. कौस्तुभ अडीचला येणार होता.

अच्युतबुवा कुडाळजवळच्या नेरूरचे. वय एक्याऐंशी. रेग्यांनी तरुणपणी त्यांच्यापुढे बसून उपनिषदं वाचली होती. आता इंग्लंडात घर झालं, नाव झालं, तेव्हा हट्टाने त्यांना महिनाभरासाठी आणलं. आल्या दिवशीच बुवांनी विचारलं, "मुलगा दिसत नाही तो?"

मग सांगावं लागलं. कौस्तुभने डॉक्टरकीचं शिक्षण तिसऱ्या वर्षी सोडलं. ब्रिस्टलला एका बेकरीत पाव भाजतो. दोन वर्षं घरी आलेला नाही.

बुवांनी त्याचा नंबर मागून घेतला. फोनवर कौस्तुभ येईन म्हणाला, पण घरी नको. ही बाग त्यानेच सुचवली. कुणा जुन्या उमरावाची हवेली, तिच्याभोवती अडीचशे वर्षांपूर्वी आखलेली बाग. आता तिकीट काढून कुणीही आत जातं. रेग्यांकडे तर वर्षाचा पास होता.

दोघे देवदाराखालच्या बाकावर बसले होते. गुलाबांचे वाफे पाहून झाले होते. रेगे बोलत होते, कारण गप्प बसवत नव्हतं.

"हे तळं दिसतंय ना, तेसुद्धा खणलेलं. आणि त्या तिथे एक गाव होतं. हवेलीच्या खिडकीतून दिसायचं, म्हणून टेकडीपलीकडे हलवलं."

"माणसांसकट?"

"माणसांसकट."

बुवा टेकडीकडे बघत राहिले...

"आणि कमाल बघा, बुवा. एवढी मोठी बाग, पण समोर कुंपण नाही. ही हिरवळ थेट त्या कुरणाला जाऊन मिळते. मेंढ्या चरताहेत बघा. एकही आत येत नाही."

"का येत नाही?"

"सवय असेल त्यांना." रेग्यांनी खिशातून फोन काढला. रेंज येत-जात होती. बायकोचा तिसरा मेसेज होता. आला का?

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा काढला.

"मी त्याला कधी अडवलं नाही, बुवा. घराचं दार सताड उघडं आहे."

"त्याला ठाऊक आहे?"

"किती वेळा सांगितलंय! फक्त कॉलेजचं काय ते ठरवून ये म्हटलं. आणि चार लोकांत त्या बेकरीचा विषय काढू नकोस. एवढंच. यात मी जास्त काय मागितलं?"

बुवांनी काठीच्या मुठीवर हनुवटी टेकवली.

"सांगा ना. जास्त मागितलं का?"

"तो बघ," बुवा म्हणाले.

कुरणातून एक मुलगा येत होता. पाठीवर सॅक, हातात कागदी पिशवी. रेगे नेहमी गाडीने येत, पुढच्या फाटकातून. स्टेशनाकडून येणारी पायवाट कुरणातून आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"कौस्तुभ!" ते उठले. "बारीक झालाय... कौस्तुभ! ये! सरळ ये!"

मुलाने हात वर केला. मेंढ्या बाजूला झाल्या. तो सरळ त्यांच्या दिशेने चालू लागला.

आणि चालता चालता बुटका होत गेला. आधी त्याचे पाय दिसेनासे झाले. मग कंबर. मग डोकंसुद्धा.

"अरे! कुठे गेला?" रेग्यांनी टाचा उंचावल्या. "बुवा, पडला की काय?"

थोड्या वेळाने डोकं पुन्हा वर आलं. पण पाठमोरं. कौस्तुभ माघारी चालला होता. कुरणात थोडा वर जाऊन तो वळला आणि तोंडाभोवती हात धरून ओरडला. वारा उलटा होता. शेवटचे दोनच शब्द पोचले.

"...येत नाही!"

रेगे मटकन बाकावर बसले.

"ऐकलंत? इथवर आला आणि आता येत नाही म्हणतो. माझं तोंड पाहिलं आणि फिरला. मी अजून काय करायचं, बुवा? हात पसरून उभा होतो मी!"

कौस्तुभ उभाच होता. मग त्याने सॅक खांद्यावर सारखी केली आणि स्टेशनाच्या वाटेकडे पाहिलं.

बुवांनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि हिरवळीवरून चालू लागले.

"बुवा, कुठे निघालात? थांबा. गवत ओलं आहे."

बुवा थांबले नाहीत.

"जाऊ दे त्याला! बुवा... काठी तरी घ्या!"

जिथे हिरवळ कुरणाला मिळत होती, तिथे जाऊन बुवा खाली बसले. पाय पुढे सोडले. समोरून कौस्तुभ जिवाच्या आकांताने धावत सुटला, उतारावरून पुन्हा दिसेनासा झाला. आणि बुवांनी दोन्ही हात टेकून अंग पुढे ढकललं.

हिरवळीवर कुणीच नव्हतं.

रेगे धावले. साठीचा माणूस, इतका कित्येक वर्षांत धावला नव्हता. बुवांचं हाड मोडलं असेल, डोकं आपटलं असेल... काठाशी पोचले आणि जेमतेम तोल सावरला.

पायांखाली भिंत होती.

चांगली डोक्याएवढी उंच, उभी, दगडी. हिरवळीच्या बरोबरीने संपणारी. खाली चर होता, आणि चरातून कुरण हळूहळू वर चढत होतं. हवेलीकडून पाहणाऱ्याला त्यातलं काहीच दिसणार नव्हतं.

चरात कौस्तुभने बुवांना पोटाशी धरलं होतं. त्याच्या हातांतली पिशवी पडून पाव चिखलात गेला होता. बुवांच्या धोतराला हिरवे डाग, कोपर खरचटलेलं. बाकी ते धड होते.

"बाबा, मी ओरडलो ना," कौस्तुभ धापा टाकत म्हणाला. "इथून येता येत नाही. इथून येताच येत नाही."

रेगे गुडघ्यांवर बसले. वाकून हात खाली केला.

"बुवा, हात द्या. कौस्तुभ, तू त्यांना खालून उचल. मी वर ओढतो."

बुवांनी हाताकडे पाहिलं. धरला नाही.

"श्रीनिवासा, खाली ये."

"बुवा, अहो, वरून फाटकातून फिरून..."

"खाली ये."

डॉक्टर रेग्यांनी बूट काढले. काठ धरून पोटावर पालथे झाले आणि पाय सोडले. पायाला आधार सापडेना. मग घोट्याला कुणाचा तरी हात लागला. त्या हाताने पाऊल एका दगडाच्या फटीत नेऊन टेकवलं.

खाली उतरून ते वळले. हवेली दिसत नव्हती. तळं, गुलाब, बाक, काहीच दिसत नव्हतं. समोर नुसती भिंत होती.



मग त्यांनी भिंतीवर हात ठेवला. दगड थंडगार होता, आणि शेवाळलेला.

"बुवा, ही इथे... कधीपासून आहे?"

बुवा कोपर पुशीत होते.

"त्याला विचार."