खुणेला न लागणारं पाणी

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या एका गावात केरोबा नावाचा पाटकरी होता. नदीचं पाणी तळ्यात सोडणारं लाकडी दार त्याच्या ताब्यात असे.

तळ्याच्या काठावर दगडात एक खूण होती. पाणी खुणेला लागलं, तरच ते वरच्या वाडीच्या पाटात शिरे. खालचं गाव मात्र तळ्यातून दिवसरात्र पाणी घेई.

केरोबा मोठा नेकीचा. रोज सकाळी पाणी पाही आणि दार मिटून नव्याने उचली. फार कमी असलं तर दार फार उचली, थोडं कमी असलं तर थोडं. पण पाणी खुणेच्या वीतभर खाली येऊन अडून बसे. वाडीचा पाट कोरडाच.

"मी चुकत नाही, मग पाणी का चुकतं?" त्याला काही उमगेना. तो दार दुप्पट उचलू लागला. वीतभराची उणीव अर्ध्या वितेवर आली, पण गेली नाही. त्याहून जास्त उचललं, तर एकदम आलेल्या लोंढ्याने काठच खचू लागला. केरोबा पुरता गोंधळला. जेवताना घास हातातच राही.

वाडीतली माणसं बिऱ्हाड हलवायची भाषा करू लागली. शेवटी तिथली म्हातारी ठकूबाई तरातरा तळ्यावर आली.

"केरोबा, वाडीवर राग आहे का रे तुझा?"

"नाही हो! रोज उणीव बघूनच दार उघडतो."

"आणि पाणी खुणेला लागलं तर?"

"तर दार बंद. कमीच नाही, तर उघडं कशाला ठेवू?"

"मग तेव्हा खालचं गाव पाणी घ्यायचं थांबतं का?"

केरोबाने दाराकडे पाहिलं. दार उघडं राहायचं ते उणिवेमुळेच; ती सरली की दार मिटणार, आणि खालचं गाव पाणी पुन्हा उतरवणार. मग ती सरावी कशी?

दुसऱ्या सकाळी त्याने दार मिटून नव्याने उचललं नाही. कालचं होतं तसंच ठेवलं आणि पाणी अजून कमी दिसलं म्हणून त्यावर जरासं उचललं. रोज असंच.

एका सकाळी पाणी खुणेला लागलं. सवयीने त्याचा हात दार मिटायला गेला. त्याने तो मागे घेतला. दार उघडंच राहिलं, पाणीही खुणेलाच राहिलं.

वरच्या पाटात पाणी खळाळलं. वाडीतल्या बायकांनी बांधलेली गाठोडी सोडली आणि चुली पेटवल्या.

लहानथोरांनो, रोजच्या उणिवेपुरतं रोज नव्याने केलं, तर थोडी उणीव कायम उरते. कालच्या प्रयत्नावर आजचा चढवत गेलं, तरच ती संपते.