तांबडा तारा आणि कासारीणबाई

डोंगरमाथ्यावरच्या एका गावात एक वैद्यबुवा राहत होते. त्यांनी नाडी धरली की अर्धी घटका सोडत नसत. रोग्याचा हात बधिर व्हायचा, पण निदान सहसा चुकायचं नाही. दिवसा औषधं कुटायची आणि दिवेलागण झाली की देवळामागच्या कातळावर जाऊन तारे बघायचे, हा त्यांचा नेम होता.

त्यांचा खास जीव होता एका तांबड्या ताऱ्यावर. हा तारा मोठा लहरी. काही महिने ठळक दिसायचा, मग मंदावत जायचा आणि पुन्हा उजळायचा. त्याच्या दोन बाजूंना कधीच न बदलणारे दोन तारे होते, एक ठळक आणि एक फिका. ठळक ताऱ्यापासून फिक्यापर्यंत दहा पायऱ्या मानायच्या आणि आज तांबडा किती पायऱ्या उतरलाय ते ज्याने त्याने आपापल्या कागदावर लिहायचं. वैद्यबुवांच्या नादाने गावचा गुरव, शिंपी आणि बांगड्या भरणाऱ्या कासारीणबाई असे तिघेही कातळावर यायला लागले होते.

त्या वर्षी राजज्योतिष्यांनी दवंडी पिटवली. ज्या गावाच्या तांबड्या ताऱ्याच्या नोंदी सगळ्यांत नेमक्या, त्या गावाला दरबारातून दुर्बीण मिळणार होती. वैद्यबुवांनी दुर्बीण नुसती ऐकली होती. त्यांची साठी उलटली होती, आणि डोळे मिटण्याआधी एकदा तरी दुर्बिणीतून आकाश बघायचं एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्या इच्छेच्या वाटेत, त्यांच्या मते, एकच धोंड होती. ती म्हणजे कासारीणबाई.

बाई यायच्या, मान वर करायच्या, नजर टाकायच्या, आकडा लिहायच्या आणि पदर खोचून चालू लागायच्या. हातावर एक नजर टाकून बांगडीचं माप सांगायची त्यांची सवय, तीच इथेही. वैद्यबुवा मात्र ताऱ्यावर डोळे रोखून तासभर बसायचे. गुरव आणि शिंपीही मान मोडेपर्यंत बसायचे, कारण आधी उठलं तर बोलणी खावी लागत. हे तिघं तीन पायऱ्या म्हणाले की बाई सहा म्हणायच्या. तिघं चार म्हणाले की बाई सात.

"बाई, तीन माणसं तासभर बघून तीन म्हणतात, आणि तुम्ही सहा?"

"मला सहा दिसल्या, वैद्यबुवा. तीन कुठून लिहू?"

"अहो, बसा जरा! नीट बघा! घरी काय दूध उतू चाललंय?"

"दूध नाही, पिठलं आहे चुलीवर," असं म्हणून बाई गेल्यासुद्धा.

"उर्मट!" वैद्यबुवांनी कपाळावर हात मारून घेतला. पुढे पुढे तर त्यांचं अर्धं लक्ष बाईंकडेच असायचं. आज किती लवकर उठल्या, आज मध्येच शिंकल्या, आज आकडा लिहिताना शिंप्याशी काहीतरी बोलून हसल्या. घरी आल्यावर हे सगळं बायकोला ऐकावं लागायचं.

"अहो, तुम्ही तारे बघायला जाता की कासारीणबाईंना?" एकदा ती म्हणाली. वैद्यबुवा ताटावरून उठले.

सहा महिने सरले आणि नोंदी पाठवायचा दिवस आला. वैद्यबुवांनी चारही कागद पुढ्यात घेतले. "तीन जुळतात, एक फटकून. हा गेला की दुर्बीण गेली म्हणून समजा."

गुरव चाचरत म्हणाला, "पाठवू की चारही. काय ते ठरवतील तिकडे."

"दुधात मिठाचा खडा मीच टाकू होय?" वैद्यबुवा कडाडले. बाईंचा कागद त्यांनी घरी फडताळात टाकला आणि तीनच कागद राजधानीला धाडले.

महिन्याभराने राजज्योतिषी स्वतः आले. त्यांच्याबरोबर दुर्बीण नव्हती.

"ती नदीपलीकडच्या गावाला दिली," ते म्हणाले. "पण चूक इतक्या शिस्तीने करणारं गाव आजवर पाहिलं नव्हतं. रोज तीन पायऱ्या कमी! म्हणून आलो. चला कातळावर."

कातळावर त्यांनी वैद्यबुवांना आधी खाली बघायला लावलं. "आता वर बघा आणि टाळी वाजताच आकडा सांगा."

टाळी वाजली. "सात!" वैद्यबुवांच्या तोंडून निघून गेलं.

"आता नेहमीसारखं बघा."

वैद्यबुवांनी डोळे रोखले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "पाच." आणखी थोड्या वेळाने अगदी बारीक आवाजात, "चार."

"तारा तोच आहे," राजज्योतिषी म्हणाले. "तांबड्या ताऱ्याची हीच खोड. डोळे रोखून बसलं की तो डोळ्यांत उजळत जातो. त्याच्यावर नजर टाकायची आणि उठायचं. असं बघणारं तुमच्या गावात कुणीच नव्हतं?"

गुरव आणि शिंपी जमिनीकडे बघू लागले. वैद्यबुवा घरी गेले आणि बाईंचा कागद घेऊन आले. राजज्योतिष्यांनी तो इतर गावांच्या नोंदींशी ताडून पाहिला. जवळजवळ सगळे आकडे जुळत होते.

"हा एक कागद आला असता, तर दुर्बीण इथे आली असती," ते म्हणाले आणि घोड्यावर बसून निघून गेले. वैद्यबुवांना तिथेच रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. बाई भयंकर संतापल्या. "सहा महिने चढण चढून रोज आले मी! आणि कागद फडताळात? पटत नव्हतं तर तोंडावर सांगायचं होतं!" वैद्यबुवांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

चार दिवस बाई फिरकल्या नाहीत. पाचव्या दिवशी आल्या, नजर टाकली, आकडा लिहिला आणि कुणाशी न बोलता निघाल्या. वैद्यबुवांची जीभ सवयीने वळवळली. पण त्यांनी बाईंकडे एकदाच पाहिलं आणि नजर आपल्या कागदाकडे वळवली. नवल म्हणजे त्यांना उर्मट असं काहीच दिसलं नाही. एक बाई तारा बघून घरी चालली होती, एवढंच.

तात्पर्य: तांबडा तारा असो की माणसाचा दोष, डोळे रोखून बघत बसलं की तो आहे त्याहून मोठाच दिसतो.