वज्रजंघाची तहान

पूर्वी त्रेतायुगाच्या आरंभी, शीतोदा नदीच्या तीरी, कदंब-उदुंबरांच्या दाट छायेत ऊर्जायन ऋषींचा आश्रम होता. ब्रह्मलोकाच्या प्राप्तीसाठी मांडलेल्या त्यांच्या अनुष्ठानाचे अखेरचे जपावर्तन तेवढे उरले होते. नेमक्या त्याच पर्वकाळी, देवासुरसंग्रामात बाणांनी विदीर्ण झालेला वज्रजंघ नावाचा असुर रक्ताचे सडे घालीत आश्रमद्वारी कोसळला. याच दुष्टाने एकेकाळी ऋषींचा यज्ञमंडप जाळला होता! परंतु दारी आलेल्या आर्ताला घालवणे हा अधर्म. ऋषींनी नाइलाजाने त्याला पर्णकुटीत निजविले.

तो वाचणार नव्हता, पण मरतही नव्हता. ऋषी जपाला बसले न बसले तोच हाक येई, "पाणी!" जप मोडे. पाणी न्यावे, तर "कोमट आहे!" म्हणून तो कमंडलू भिरकावी. ऋषी दातओठ खात नदीवर जात, परत येत आणि आवर्तन पुन्हा पहिल्यापासून आरंभीत.

अखेरीस त्यांचा संयम सुटला. "अरे अधमा, सुटशील तरी केव्हा? माझ्या आयुष्याचे तप तू धुळीला मिळवलेस!"

असुराने मान फिरवली. "मुनिवर, मला तहान नसते. मरणाचे भय वाटते. हाक मारली की आपण येता."

ऋषी जपाच्या आसनावर परतले.

त्या दिवशी मात्र हाक आली नाही. जप सरत आला. घंटानाद करीत दिव्य विमान आश्रमावर उतरू लागले. इतक्यात कुटीतून घरघर ऐकू आली. क्षणभर ऋषींनी डोळे घट्ट मिटून घेतले; मग आसन सोडून ते उठले. विमान आल्या वाटेने निघून गेले.

त्यांनी असुराचे मस्तक मांडीवर घेतले. तो पुटपुटला, "मी हाक मारली नव्हती."

"ठाऊक आहे. पाणी घे."

पाणी ओठांवरून ओघळून गेले, आणि वज्रजंघाने प्राण सोडला.

तेव्हा साक्षात यमधर्म प्रकट झाला. "ऊर्जायना, प्रसन्न आहे मी. ब्रह्मलोक माग."

"आता ब्रह्मलोक?" ऋषी संतापाने म्हणाले. "धर्मराज, याला खरी तहान लागली, तेव्हा एक घोटही गिळता आला नाही! मरणाऱ्याच्या ओठी कुणी ममतेने एक थेंब सोडला, तरी त्याची सारी तहान शमावी. द्यायचे तर हे द्या."

"तथास्तु!"

तेव्हापासून मुमूर्षूच्या मुखी पाणी घालण्याचा प्रघात भूतलावर रूढ झाला. दूरदूरचे मरणोन्मुख जीव शीतोदातीरी येऊ लागले. ऋषींची चिडचिड काही गेली नाही. परंतु त्या आश्रमात कुणालाही दुसऱ्यांदा हाक मारावी लागली नाही.