बाकी पडीक

ऐका मंडळी, मोठे असाल तरी ऐका आणि लहान असाल तर कान देऊन ऐका. फार पूर्वी, म्हणजे आपल्या पणजोबांच्याही पणजोबांच्या आधी, खाडीच्या तोंडाशी एक बेट होतं. बेटावर एक टेकडी, तिच्या पायथ्याशी गोड्या पाण्याची एक विहीर, सात शेतं आणि उरलेला सगळा चिखल. त्या चिखलात तिवरांची झाडं दाटीनं उभी असत. भरती आली की चिखल बुडे, ओहोटी लागली की उघडा पडे.

विहिरीशेजारी शाळा होती आणि शाळेत एक पंतोजी होते. माणूस विद्वान, पण पायाला चिखल लागू न देणारा. वीस वर्षं बेटावर काढली, पण तिवरांत एकदा पाऊल टाकलं असेल तर शपथ! तरीही मुलांना बेटाची ओळख त्यांनीच रचून दिली होती. रोज सकाळी मुलं हात जोडून म्हणत,

"टेकडी एक, विहीर एक,
शेतं सात, बाकी पडीक!"

शेवटचा शब्द पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत. पंतोजींना ते फार आवडे.

एके दिवशी येसू नावाची कोळ्याची मुलगी उशिरा आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले आणि ओंजळीत एक निवट्या. निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारत चालणारा मासा. त्याचे दोन डोळे वर आलेले होते.

"पंतोजी, पडीक म्हणजे काय हो?" तिनं विचारलं.

"जिथं काही नाही, ते पडीक."

"पण तिथं तर हा राहतो. आणि माझी आय तिथूनच शिंपल्यातली कालवं काढून आणते. मग..."

"मग काय मग! शिंगं फुटली वाटतं तुला? ते किळसवाणं आधी बाहेर सोड, पाय धू, आणि दहा वेळा म्हण, बाकी पडीक."

येसूनं निवट्याला खाडीच्या पाण्यात सोडलं, पाय धुतले आणि दहा वेळा म्हटलं. पंतोजींपुढं बिचारी काय बोलणार?

आता त्या देशाचा राजा. तो दुष्ट होता असं समजू नका हं. भला होता. प्रजेला पोटभर भात मिळावा म्हणून त्यानं हुकूम काढला, की राज्यात वीतभरही जमीन पडीक राहता कामा नये. हुकूम घेऊन त्याचा कारभारी होडीतून बेटावर उतरला. चिखल बघून त्यानं नाक मुरडलं. आत जाऊन पाहायचं त्याच्या जिवावर आलं. लहान मुलं खोटं बोलत नाहीत, असं म्हणत तो सरळ शाळेत गेला.

"मुलांनो, त्या तिवरांत काय आहे रे?"

"पडीक!" सगळी शाळा एका सुरात ओरडली. येसूसुद्धा.

पंतोजींची छाती फुगली. काय उच्चार, काय ठसका! कारभाऱ्यानं खूश होऊन त्यांच्या खांद्यावर जरीचा शेला घातला आणि दुसऱ्याच दिवशी कुऱ्हाडी आल्या.

पश्चिमेकडचा अर्धा चिखल त्या वर्षी बुजवायचा आणि पूर्वेकडचा अर्धा पुढं, असं ठरलं होतं. तिवरं आडवी झाली. टेकडीची माती आणून चिखलावर टाकली आणि समुद्राच्या बाजूनं बांध घातला. बगळे आणि खंड्या पक्षी तीन दिवस वरून घिरट्या घालत राहिले, चौथ्या दिवशी दिसेनासे झाले. येसूची आई रिकामी पाटी घेऊन बांधावर उभी राहायची. तिला कोणी काही विचारलं नाही.

नव्या जमिनीत भात पेरलं. रोपं हातभर झाली आणि पिवळी पडून वाळली. मातीवर पांढरं मीठ फुटलं. त्यातच श्रावणी पुनवेला मोठं उधाण आलं. समुद्र नवा बांध फोडून आत शिरला, सातही शेतांवरून गेला आणि टेकडीच्या पायथ्याशी थांबला.

सकाळी पंतोजींनी विहिरीचं पाणी शेंदलं, तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. त्यांना खरं वाटेना. त्यांनी पुन्हा घोट घेतला. पाणी खारट झालं होतं.

ते तसेच येसूच्या आईकडे गेले. "बाई, आजवर इतकी उधाणं आली. समुद्र कधी आत आला नाही. आताच कसा आला?"

"तिवरं होती ना तेव्हा. मुळ्यांच्या जंजाळात लाटेचा जोर जिरायचा. आता कोण अडवील तिला?"

"मग तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

येसूची आई हळूच म्हणाली, "येसूनं सांगितलं होतं की, पंतोजी. तुम्ही तिला पाय धुवायला लावलंत."

पंतोजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते येसूसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरी, मला शिकव."

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पंतोजी धोतर खोचून पूर्वेकडच्या चिखलात उतरले. दोनदा पडले. मुलं फिदीफिदी हसली, पण त्यांनी कुणाला दटावलं नाही. येसूनं त्यांना चिंबोरीचं बीळ दाखवलं, मुळ्यांना चिकटलेली कालवं दाखवली, भाताच्या तुसाएवढी कोळंबीची पिल्लं दाखवली. पुढं थंडीत दूरदेशाहून आलेली तुतवार पाखरं दाखवली आणि पाणमांजराची पावलंही. त्या दिवसापासून शाळा दर ओहोटीला तिथंच भरू लागली.

वर्ष सरलं आणि कारभारी परत आला. पूर्वेकडचा अर्धा चिखल बुजवायचा राहिला होता ना!

पहिल्यासारखंच त्यानं मुलांना विचारलं, "सांगा, तिथं काय आहे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. काय बोलायचं ते पंतोजींनी कोणालाही शिकवलं नव्हतं. त्यांचाच जीव टांगणीला लागला होता. मग येसू उभी राहिली.

"सरकार, तिथं जागा शिल्लक नाही."

"म्हणजे?"

"भरलेलं आहे. निवट्या राहतो, चिंबोरी राहते."

"कालवं राहतात!" मागून कोणी ओरडलं. "पाणमांजर राहतं! त्याला दोन पिल्लं झालीत!" बघता बघता सगळी शाळा उभी राहिली.

कारभारी संतापला. "गेल्या वर्षी तर पडीक म्हणालात! तेव्हा खोटं बोललात की आता?"

"मुलं कधीच खोटं बोलली नाहीत," पंतोजी पुढं येऊन म्हणाले. "मी न पाहता शिकवलं, तेच ती बोलली. गुन्हा माझा आहे." त्यांनी विहिरीचं पाणी तांब्यात भरून कारभाऱ्यापुढं धरलं. कारभाऱ्यानं घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. तेव्हा पंतोजींनी घडी घातलेला शेला त्याच्या हातात ठेवला. "हा मला पडीक शब्दाबद्दल मिळाला होता. राजांना परत द्या. आणि त्या शब्दाची चव कशी आहे, तेही सांगा."

कारभाऱ्यानं राजाला सगळं जसंच्या तसं सांगितलं. पूर्वेकडची तिवरं वाचली.

पश्चिमेकडची मात्र गेली ती गेलीच. पंतोजींनी मुलांना घेऊन तिथं तिवराची रोपं लावली, पण ती कमरेला लागण्याआधीच पंतोजी वारले. विहीर त्यांच्या हयातीत गोड झाली नाही. शेवटपर्यंत ते इतरांसारखंच पैलतीरावरून होडीनं आणलेलं पाणी पीत राहिले. आणि रोज सकाळी शाळेत मुलं म्हणत राहिली, "टेकडी एक, विहीर एक, शेतं सात..." पुढं प्रत्येक मूल चिखलातल्या आपापल्या आवडत्या जीवाचं नाव घेई, म्हणून ती ओळ कधी लवकर संपत नसे.

तात्पर्य: जे आपण पाहिलं नाही त्याला पडीक म्हणू नये, कारण कुऱ्हाडीचा पहिला घाव शब्दच घालतो.